पिंजऱ्यासाठी झाडाच्या फांद्या: कोणत्या चालतील आणि तयार कशा करायच्या?

गवतकाडी (मूळ प्रश्न)

दोन रॅट आहेत, तारेच्या पिंजऱ्यात (८० × ५० सेंमी, उंची ९० सेंमी). शिवाय एक सीरियन हॅमस्टर काचेच्या टाकीत. दोन्हीकडच्या प्लास्टिकच्या शिड्या काढून खऱ्या फांद्या लावायच्या आहेत. छाटणीतून तुती, पेरू, आंबा आणि जास्वंद मिळू शकतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

यातलं काय वापरावं? नुसतं धुऊन उन्हात टाकलं तर पुरेल, की ओव्हनमध्ये तापवायलाच हवं? आणि तारेला दोरीने बांधलेली फांदी गोल फिरते, ती घट्ट कशी बसवायची?

सुतारपक्षी

तुती, पेरू, जास्वंद घ्या. आंबा सोडा. तो काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातला आहे, चिकात त्वचा पोळवणारे घटक असतात, आणि रॅट साल सोलल्याशिवाय राहत नाहीत.

तुमच्या यादीबाहेर सफरचंद, पेअर, विलो, हेझल आणि द्राक्षाची जुनी वेल हे सगळं चालतं. कण्हेर, घाणेरी, धोतरा, शेर, रुई, चाफा आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांची काडीसुद्धा आत जाऊ देऊ नका. चेरी, पीच, जर्दाळू, आलुबुखार या कठीण कोयीच्या फळझाडांच्या सालीत आणि पानांत सायनाइड सोडणारी संयुगं असतात, त्यामुळे तीही नकोत. देवदार आणि पाइनसारखी सूचिपर्णी झाडं वासाच्या तेलांमुळे बाद. बंद टाकीत ती वाफ श्वासनलिकेला त्रास देते आणि यकृतावरही ताण आणते.

पांढरा चीक आला की झाड विषारी, हा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. त्यावर विसंबू नका. तुतीच्या कोवळ्या फांदीतून पांढरा चीक येतो आणि तुती चालते. चेरीतून येत नाही आणि चेरी चालत नाही. झाडाचं नाव खात्रीने माहीत नसेल तर फांदी घेऊ नये, मग ती कितीही सुंदर वळणाची असो.

झाडाइतकाच त्याचा इतिहास महत्त्वाचा. काही कीटकनाशकं मुळांवाटे झाडाच्या आत भिनतात. ती घासून जात नाहीत आणि ओव्हनच्या भरवशावरही सोडता येत नाहीत. छाटणी करणाऱ्याला फवारणीबद्दल स्पष्ट विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर तो ढीग तिथेच राहू द्या. वर्दळीच्या रस्त्याकडेच्या फांद्याही नकोत.

फांदी झाडावरून कापलेली असावी. जमिनीवर पडलेल्या फांदीवर रानउंदरांचं मूत असू शकतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस येऊ शकतो, प्राण्याला आणि तुम्हालाही. साल फुगलेली, बुरशी धरलेली किंवा बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळणारी फांदी थेट बाजूला काढा.

पोखरण

निवडीबद्दल वर सगळं आलंय, मी तयारीबद्दल लिहितो. इथे क्रम चुकला की पुढे सगळं बिघडतं: घासणं, वाळवणं, भोक पाडणं, तापवणं, बसवणं.

ताठ ब्रशने नुसत्या गरम पाण्याखाली घासा. साबण आणि ब्लीच नको, लाकूड ते शोषून घेतं. सुटी साल, शेवाळ, दगडफूल खरवडून काढा, घट्ट साल राहू द्या. रॅटच्या नखांना पकड तिच्यामुळेच मिळते.

मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, फांद्या एकमेकींना न चिकटवता ठेवा. अंगठ्याएवढ्या जाडीला तीन-चार आठवडे लागतात, मनगटाएवढीला काही महिने. अंदाजाने ठरवू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. आठवडाभराच्या अंतराने घेतलेली दोन वजनं सारखी आली की फांदी वाळली. ओली फांदी तशीच बसवली तर सुकताना आक्रसते, चिरते, बोल्ट ढिला होतो. काचेच्या टाकीत तर त्याआधीच सालीखाली बुरशी धरते.

तापवण्याबद्दल: मालवाहतुकीच्या लाकडी पेट्यांसाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कीड मारायला लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं राहायला हवा, असं त्यात म्हटलंय. ओव्हन १०० अंशांवर ठेवून ३ सेंमी जाडीची वाळलेली फांदी तास-दीड तास ठेवली की हे साधतं. खात्री हवी असेल तर बोल्टसाठी पाडलेल्या भोकात सुईवाला थर्मामीटर घाला, गाभ्याचं तापमान समोर दिसेल. ओव्हन सोडून जाऊ नका.

मायक्रोवेव्ह टाळाच. लाकूड आतून तापतं आणि बाहेर काही दिसायच्या आत गाभा पेटू शकतो. फ्रीझरमध्ये किडे मरतात, पण जंतू आणि बुरशीचे बीजाणू टिकून राहतात.

गवतकाडी

वजनाची युक्ती फार कामाची आहे, आभार. माझ्या ओव्हनमध्ये ६० सेंमीची फांदी बसत नाही. कापून घेऊ का? आणि हॅमस्टरसाठी काही वेगळं?

पोखरण

सरळ फांदी असेल तर ३० सेंमीचे दोन तुकडे करा, पिंजऱ्यात दोन उंचींवर बसवता येतील. कापायचीच नसेल तर वाळवण्याआधी टबात उकळतं पाणी ओतून १५-२० मिनिटं भिजवा, पाणी बदलून पुन्हा एकदा, आणि मग वाळवा. गाभ्यापर्यंत उष्णता पोचेलच असं नाही, म्हणून पोखरलेल्या फांदीचा संशय जरी असेल तरी हा उपाय चालणार नाही.

दोनआटे

बसवण्यासाठी हँगर बोल्ट आणा: एका टोकाला लाकडाचे आटे, दुसऱ्या टोकाला नटाचे. ३ सेंमी किंवा जास्त जाडीच्या फांदीला ८ मिमीचा पुरतो. फांदीच्या कापलेल्या तोंडाच्या बरोबर मध्यभागी ६ मिमीचं, ४ सेंमी खोल भोक पाडा. भोक न पाडता बोल्ट पिळला तर फांदी उभी चिरते. दोन नट एकमेकांवर आवळून पाना वरच्या नटाला लावला की बोल्ट सहज आत जातो.

तारेच्या आत एक वॉशर, बाहेर एक, मग विंग नट (हाताने आवळता येणारा, दोन पंखांचा नट). वॉशरचा व्यास तारांमधल्या फटीपेक्षा चांगला मोठा हवा, ३० मिमीच्या आसपास, नाहीतर तो फटीतून निसटतो. सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्या. गॅल्व्हनाइज्ड वस्तूवर जस्ताचा थर असतो, आणि कुरतडून पोटात गेलेलं जस्त विषारी ठरतं.

फांदी फिरते कारण ती एकाच टोकाला धरलेली असते आणि बाक एका बाजूला जड असतो. दोन्ही टोकं बोल्टने धरा, किंवा फाटा बाजूच्या जाळीला टेकवून तिथे दुसरा बोल्ट द्या. बसवल्यावर हाताने जोरात दाबून पाहा. मोठा नर रॅट अर्धा किलोच्या वर जातो आणि दोघं एकदम उडी मारतात.

जिथे फाटे अगदी अरुंद कोनात फुटतात त्या बेचक्यात पाय अडकतो. त्यातला एक फाटा बुंध्यालगत कापा आणि पॉलिश पेपरने गोल करा.

रॅट फांदीवर मूत सोडत चालतात, त्यामुळे दर महिन्याला काढून, घासून, वाळवून, पुन्हा तापवा. त्यानंतरही अमोनियाचा वास राहिला तर फांदी टाकून द्या.

सुतारपक्षी

हॅमस्टरचा भाग राहिला. त्याला खोलीचा अंदाज नीट येत नाही आणि तो बेधडक खाली पाऊल टाकतो, म्हणून फांदी टाकीत अंथरलेल्या भुशापासून १५ सेंमीपेक्षा उंच नको. जाड फांदी भुशावर ठेवू नका, तो खालून बिळं खणतो आणि ती त्याच्यावर बसते. तिची टोकं थेट टाकीच्या तळावर टेकवा, भुसा नंतर भरा.

नुसतं कुरतडायला पेन्सिलीएवढ्या ताज्या काड्या दिल्या तरी चालतात. त्या वाळवायची गरज नाही, फक्त धुऊन द्या आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून घ्या. वेदनाशामक औषध चालू असेल तर विलो देऊ नका, त्यात सॅलिसिन हा ॲस्पिरिनसारखा घटक असतो. आणि दात वाकडे वाढत असतील तर फांदीने ते सरळ होत नाहीत. त्यासाठी पशुवैद्यालाच दाखवा, लवकर.