मदत हवी आहे: प्रीकूलरच्या नळ्यांवर हिम साचतंय

जमिनीवरच्या चाचणीसाठी बारीक नळ्यांचा प्रीकूलर (इंजिनात जाण्याआधी हवा गार करणारं यंत्र) आहे. आतून गार हेलियम, बाहेरून ३०° से., ७५ टक्के आर्द्रतेची हवा. ती उणे १०० पर्यंत उतरवायची आहे. काही मिनिटांतच दाबातली घट दुप्पट होते. मधल्या ओळी पांढऱ्याफटक, शेवटच्या जवळजवळ कोऱ्या. गरम नायट्रोजन सोडला की हिम वितळतं, पण पुढच्या फेरीत आणखी लवकर तुंबतं. काय करावं?

नळीवाला:
वितळलेलं पाणी नळ्यांच्या फटींत धरून राहतं आणि पुढच्या वेळी त्याचा घट्ट बर्फ होतो, म्हणून लवकर तुंबतं. बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा दवबिंदू उणे ४० च्या खाली जाईपर्यंत तो सोडत राहा. खरवडू नका, नळ्या जातील.

खरा उपाय आधीचा आहे. तुमच्या हवेत किलोमागे २० ग्रॅम पाणी आहे. ५ अंशांना ५.४ ग्रॅमच मावतं. म्हणजे तीन चतुर्थांश पाणी पाणी म्हणूनच काढता येतं. पहिला टप्पा वेगळा करा, मागे थेंब अडवणारी जाळी आणि निचरा द्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या पृष्ठभागावर लावा. हवा ५ अंशांवर असली तरी नळी उणे असू शकते, आणि हिम धरतं नळीवर.

प्रश्नकर्ता:
उरलेलं ५.४ ग्रॅम पाणी गोठू नये म्हणून हवा शिरते त्या तोंडाशीच मिथेनॉल फवारलं तर?

गोठणबिंदू:
तोंडाशी नको. मोठे थेंब पहिल्या ओळीवरच आपटतात, आतल्या कोरड्या राहतात. शिवाय उबदार हवेत बरंच मिथेनॉल बाष्प होऊन जातं. ब्रिटनच्या सेबर या हवा ओढणाऱ्या रॉकेट इंजिनाच्या प्रीकूलरने २०१२ मध्ये हिम न धरता हवा उणे १५० पर्यंत नेली ती मिथेनॉलच्याच जोरावर; पुढे उघड झालेली युक्ती अशी, की ते अनेक ठिकाणी सोडायचं आणि हवेच्या उलट दिशेने सरकवायचं. ताजं मिथेनॉल थंड टोकाला. तिथे गोळा झालेलं मिश्रण त्याच्या आधीच्या, कमी थंड टप्प्यात. वजनाने निम्मं मिथेनॉल असलेलं मिश्रण उणे ५० लाही वाहतं, ७० टक्क्यांचं उणे ९० ला. म्हणजे थंडीकडे तीव्र मिश्रण, उबेकडे सौम्य, हे आपोआप जमतं. हिशेबाला किलो हवेमागे ५-६ ग्रॅम मिथेनॉल धरा, बाष्प होणारं वेगळं.

उड्डाणात ११-१२ किलोमीटरच्या वर हवा इतकी कोरडी असते की फवारा बंद करता येतो. तुमच्या जमिनीवरच्या चाचणीत ती सवलत नाही.

नळीवाला:
सील ईपीडीएम रबराचे घ्या, साध्या व्हिटॉन रबराचे मिथेनॉलमध्ये फुगतात. निचऱ्याची टाकी नायट्रोजनखाली ठेवा. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही.