मदत हवी आहे: घरी आणि प्रवासात चालेल अशी एकच झूम लेन्स

सानिका_प
नमस्कार. शनिवारी अजिंठा-वेरूळला निघतोय, त्याआधी लेन्स हातात हवी आहे. कॅमेऱ्यासोबत आलेली पुरत नाही. लांबचं जवळ येत नाही, घरातले फोटो हलतात. दोन लेन्स बाळगायच्या नाहीत. १८-१३५ एमएम घेऊ, १८-२०० की टॅमरॉन कंपनीची १८-४०० (दुसरा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं ना)? प्लीज लवकर सांगा.

डोंगरवेडा
कॅमेरा कुठला? बजेट किती? त्याशिवाय काय सांगणार?

तात्या_पुणे
१८-४०० डोळे झाकून घ्या. राजगडावर सुवेळा माचीवर भणाणत्या वाऱ्यात लेन्स बदलली आणि सेन्सरवर धूळ बसली. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी काळा ठिपका आहे. तेव्हापासून एकच लेन्स, बदलाबदली बंद.

सानिका_प
कॅनन १५००डी. तीसेक हजारांपर्यंत.

डोंगरवेडा
मग १८-१३५ यूएसएम (झटपट फोकस करणारी मोटर असलेली), शक्यतो सेकंडहँड. तात्या, १८-४०० चं वजन ७१० ग्रॅम, म्हणजे त्यांच्या कॅमेऱ्याहून जड. लेण्यांत दिवसभर गळ्यात कोण वागवणार?

तात्या_पुणे
मी वागवतो. सवय होते.

मेघना_संभाजीनगर
लेन्समधलं मला कळत नाही, पण अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ असंच करा, उलट नको. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावून पुढे तिथल्या बसने जावं लागतं.

चिपळूणकर
सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आमच्याकडे एका पावसाळ्यात धरते. मी लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवतो.

डोंगरवेडा
तांदूळ नको हो, त्याची भुकटी झूमच्या फटीत जाते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

उंबरठा
सानिकाताई, "घरातले फोटो हलतात" यावर कोणीच विचारलं नाही. अख्खा फोटो हलतो की फक्त माणूस?

सानिका_प
फक्त माणूस. आजी संध्याकाळी खिडकीपाशी वाती वळत बसते. मागची भिंत, कापसाचा डबा सगळं लख्ख येतं, तिची बोटं मात्र पुसट. ८८ वर्षांची आहे. खरं तर हेच फोटो मला सगळ्यात जास्त हवे आहेत.

उंबरठा
मग यातली एकही लेन्स कामाची नाही. लेन्समधलं आयएस तुमच्या हाताची थरथर सावरतं, आजींची बोटं थांबवत नाही. त्यासाठी शटर झटकन मिटावं लागतं, आणि त्याला उजेड लागतो. एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. तुमची लेन्स झूम ५५ ला नेली की एफ ५.६ वर जाते, १८-१३५ सुद्धा लांबच्या टोकाला तेवढीच. ५० एमएम एफ १.८ घेतलीत तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, तिथेही तीच उपयोगी.

डोंगरवेडा
पण त्यांना झूम हवी आहे! आणि १५००डी चा सेन्सर लहान, त्यावर ५० म्हणजे ८० सारखी, सगळं जवळ येतं. लहान खोलीत पाठ भिंतीला टेकवून उभं राहावं लागेल.

उंबरठा
वाती वळणाऱ्या हातांसाठी तेवढीच हवी. सानिकाताई, आज आहे त्याच लेन्सवर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० करा, झूम १८ वर ठेवा म्हणजे एफ ३.५ मिळेल, शटर १/१२५ सेकंद ठेवा आणि आजींच्या जवळ जाऊन बसा.

सानिका_प
आत्ता काढून बघितला. फोटोत दाणे आहेत आणि थोडा काळपट आलाय, पण बोटं दिसतायत. अंगठ्याखालची वातसुद्धा! उद्या ५० घेते, बाकी आहे तीच लेन्स नेते. मेघनाताई, अजिंठ्याहून परतीची शेवटची बस किती वाजता असते?