हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिकची रिकव्हरी निम्मीच का येते?

प्रयोगवही: नदिया जिल्ह्यातल्या (प. बंगाल) हातपंपांच्या पाण्यातलं आर्सेनिकची दोन रूपं, आर्सेनिक(३) आणि आर्सेनिक(५), वेगवेगळी मोजतेय. आयसीपी-एमएस (अतिसूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) नाही, ग्रॅफाइट फर्नेस (थेंब खूप तापवून त्यातलं मूलद्रव्य मोजणारं यंत्र) आहे. म्हणून एपीडीसी (आर्सेनिकला पकडणारं रसायन) आणि ट्रायटन एक्स-११४ (साबणासारखं द्रव्य) घेऊन क्लाउड पॉइंट एक्स्ट्रॅक्शन करते, म्हणजे तापवून द्रावण गढूळ करायचं आणि पकडलेलं आर्सेनिक खालच्या छोट्या थरात गोळा करायचं. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) छान येतात, पण नमुन्यात स्पाइक (मोजून वरून घातलेलं आर्सेनिक) घातला की निम्मासुद्धा परत मिळत नाही, म्हणजे रिकव्हरी कमी. खालचा थर तपकिरी दिसतो. शिवाय उन्हाळ्यात ट्रायटनचं द्रावण बाटलीतच गढूळ होतंय. टाकून देऊ का?

जुना विश्लेषक: अजिबात टाकू नका. या ट्रायटनचा क्लाउड पॉइंटच (गढूळ होण्याचं तापमान) २३-२५ अंशांच्या आसपास, तिकडच्या मे महिन्यात ते गढूळ होणारच. फ्रिजमध्ये ठेवा, हलवा, स्वच्छ झाल्यावरच पिपेट लावा. गढूळ असताना घेतलंत तर दर नळीत वेगळंच प्रमाण जातं.

तपकिरी थराचा मला लोहावर संशय आहे. तिथल्या पाण्यात लोह बऱ्याचदा मिलिग्रॅममध्ये असतं, आर्सेनिक मायक्रोग्रॅममध्ये. एपीडीसी लोहालाही धरतं, मग आर्सेनिकच्या वाट्याला फार थोडं उरतं. आणि बाटलीत हवा लागली की लोहाचा साका बसतो, तो आर्सेनिकही सोबत नेतो. म्हणून पंपापाशीच गाळा, लगेच ईडीटीए घाला, बाटली अंधारात नि थंड ठेवा. ईडीटीए लोहाला बांधतं, आर्सेनिकला नाही. एपीडीसीही वाढवून बघा.

हे जीव तोडून सांगतोय, कारण पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. रिकव्हरी निम्मी असेल तर १८ चा पंप ९ दाखवतो, आणि ते घर तेच पाणी पीत राहतं.

प्रयोगवही: गाळणं प्रयोगशाळेत आल्यावर होत होतं. आता पंपावरच करते. आर्सेनिक(५) साठी थायोसल्फेटने क्षपण करून, म्हणजे (५) चं (३) करून, एकूण आर्सेनिक काढते, त्यातून (३) वजा. बरोबर ना?

फर्नेसवाला: बरोबर. एपीडीसी (५) ला धरत नाही, त्यावरच तर हे सगळं उभं आहे. फक्त दोन्ही आकड्यांतली चूक त्या वजाबाकीत उतरते, म्हणून प्रत्येक नमुना तीनदा करा. सेंट्रिफ्यूजनंतर नळ्या बर्फात ठेवल्या की खालचा थर मधासारखा घट्ट होतो, वरचं पाणी सहज ओतता येतं. मग आम्लयुक्त मिथेनॉलने थर पातळ करा. मॉडिफायर (तापवताना आर्सेनिक आधीच उडून जाऊ नये म्हणून घालायचं द्रव्य) पॅलेडियम-मॅग्नेशियम नायट्रेट. फर्नेसमध्ये सुकवणं सावकाश, नाहीतर थेंब उडतो. स्टँडर्डही याच सगळ्या पायऱ्यांतून न्या, ब्लँक (आर्सेनिक न घातलेलं पाणी) सुद्धा.