एकाच जिन्यावर तीन मायर: भाऊबंद की नुसते आडनावबंधू?

हानोफरची खोतीण:

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, हसू नका.

इथे जर्मनीत आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. खाली दाराशी घंटांच्या पट्टीवर सहा नावं, त्यांतली तीन मायर. उच्चार तिन्हींचा एकच, त्यामुळे देवनागरीत लिहून मला फरक दाखवताच येत नाही. स्पेलिंगं मात्र वेगळी. तळमजल्यावरचे काका ईआयवाले, आमच्या समोरच्या बाई ईवायवाल्या आणि सगळ्यांत वरच्या आजी एआयवाल्या.

गेल्या आठवड्यात आईने रत्नागिरीहून पाठवलेलं पार्सल आलं, तेव्हा आम्ही घरी नव्हतो. अशा वेळी इथे पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतात आणि आपल्या पेटीत चिठ्ठी टाकतात. चिठ्ठीवर एकच नाव, मायर. मधली दोन अक्षरं अशी गिरगटलेली की ब्रह्मदेवालाही लागू नयेत. समोर विचारलं तर नाही म्हणाल्या. वरच्या आजी लेकीकडे गेल्यात. खालचे काका दार उघडत नाहीत.

समोरच्या बाईंना सहज विचारलं, "तुम्ही तिघं एकमेकांचे नातेवाईक का हो?" त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी त्यांच्या कुळावर शिंतोडे उडवलेत. "छे, आम्ही ईवाय!" आमच्या सासरी दुसरा कुणी खोत भेटला की पहिला प्रश्न "कुठले खोत?" आणि दोन कप चहात नातं निघतं. इथे एका जिन्यावर तीन जण आणि कुणाला काही पडलेलं नाही. मायर म्हणजे नक्की काय? मूळ एकच का?

लिंबूसरबत:

ताई, आधी पार्सलमध्ये काय होतं ते सांगा. फणसपोळी असेल तर ज्याच्याकडे गेलं तो मायर इतक्यात दार उघडणार नाही.

निवृत्त मास्तरीण:

अगं, सासरचं आडनाव खोत आणि मायरचा अर्थ आम्हाला विचारतेस? तुझ्याच दारावरची पाटी वाच.

पुण्यात तीसेक वर्षं जर्मन शिकवलं मी. पहिल्या धड्यात हटकून एक हेर मायर, म्हणजे श्री. मायर, यायचे, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, हे मुंबईचे मेयर का?" पोरं हसायची. पण प्रश्न बरोबर होता. दोन्ही शब्द लॅटिन 'मायोर'वरून आलेत. मायोर म्हणजे थोरला. इंग्रजांचा मेयर शहरात जाऊन बसला, जर्मनांचा शेतावर राहिला. मध्ययुगात सरदारांच्या आणि मठांच्या जमिनी गावोगाव विखुरलेल्या असत. मालक तिथे राहत नसे. त्याच्या वतीने वाड्याचा कारभार बघायचा, कुळांकडून धान्य आणि वेठ वसूल करायची, प्रसंगी त्यांच्या तंट्यात बसायचं, हे ज्याचं काम तो मायर. पुढे तुझ्या हानोफरकडे त्याचा अर्थ सरकला आणि मालकाची जमीन कराराने कसणारा बऱ्यापैकी शेतकरी तो मायर, असं झालं. खोताची तुलना फार ताणू नकोस, खोत सरकारचा सारा गोळा करायचा. पण आपल्याकडे १९४९च्या कायद्याने खोती गेली आणि आडनाव उरलं, तसंच तिकडे. वाडे गेले, मायर उरले.

वाडा तिथे मायर, म्हणून नात्याचा पत्ता नाही. जळगावचे पाटील आणि सांगलीचे पाटील भाऊबंद असतात का? एकाच गावात दोन मायर झाले की वरचा तो ओबरमायर, खालचा तो नीडरमायर, पूर्वेकडचा ओस्टरमायर. आपली वरची आळी, खालची आळी.

स्पेलिंगची भानगड चर्चच्या वह्यांत झाली. नाव सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे आणि लिहिणारा पाद्री आपल्या भागातल्या वळणाने लिही. १८७६पासून सबंध जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि ज्याचं जे चढलं होतं ते गोठलं. ढोबळ मानाने ईवाय उत्तरेकडचे, एआय आणि एवाय दक्षिणेकडचे, आणि शेवटच्या आरच्या आधीचा ई गाळणारे बव्हेरिया-ऑस्ट्रियाचे. मूलद्रव्यांचा लोथार मायर उत्तरेतल्या फारेलचा, तो ईवाय. १९७४चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनीचा गोलकीपर झेप मायर बव्हेरियाचा, तो एआय. उत्क्रांतीवाला एर्न्स्ट मायर केम्प्टनचा, त्याने ई गाळलेला. तेव्हा तुझ्या समोरच्या बाई उगाच नाही फणकारल्या. ती दोन अक्षरं म्हणजे त्यांचं 'कुठले?'

माझा लाडका मायर मात्र एवायवाला, हाइलब्रोनचा रॉबर्ट. १८४०मध्ये डच जहाजावर डॉक्टर म्हणून जावाला गेला. तिथे खलाशांची शीर कापून रक्त काढताना ते त्याला नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. एखाद्याने हवापालट म्हणून सोडून दिलं असतं. हा विचार करत बसला की उष्ण प्रदेशात अंग गरम ठेवायला शरीराला कमी जाळावं लागतं, म्हणून शिरेतल्या रक्तात प्राणवायू जास्त उरतो. तिथून उष्णता आणि काम ही एकाच खात्यातली रक्कम, इथपर्यंत पोचला आणि १८४२मध्ये ते छापलं. डॉक्टरच्या भौतिकशास्त्राला विचारतो कोण! पुढे इंग्रज शास्त्रज्ञ जूलशी श्रेयाचा वाद झाला, त्यात हा मनाने पार खचला. लोथारचंही तसंच. त्याने १८६४मध्ये २८ मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, पण शाळेत आपण नाव पाठ केलं मेंडेलीव्हचं. निदान १८८२चं डेव्ही पदक दोघांत वाटून तरी मिळालं.

आपण पैज लावताना "नाही तर नाव बदलून ठेवीन" म्हणतो ना, जर्मन माणूस म्हणतो, "असं झालं तर मला मायर म्हणा." इतकं सामान्य नाव की ते मिळणं हीच शिक्षा. शत्रूचं एक जरी विमान आत आलं तर मला मायर म्हणा, अशी बढाई हिटलरच्या हवाईदलाचा प्रमुख गोरिंग याने मारली होती असं सांगतात. बॉम्ब पडू लागल्यावर लोक त्याला मागून खरंच मायर म्हणू लागले.

अश्दोदची पेणकरीण:

मास्तरीणबाई, छान लिहिलंत, पण सगळे मायर शेतावरचे नव्हेत. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आमची आडनावं कोकणातल्या गावांवरून, हे तुम्हाला माहीत असेलच. युरोपातल्या ज्यूंना मात्र गावही नव्हतं आणि वाडाही नव्हता. बापाचं नाव लावून त्यांचं भागत होतं. मग ऑस्ट्रियात १७८७मध्ये आणि प्रशियात १८१२मध्ये सरकारने कायमचं आडनाव घ्यायला लावलं. आमच्यात मेईर हे जुनं नाव आहे, अर्थ उजेड देणारा. ते कानाला मायरच्या जवळचं, म्हणून कित्येकांनी मायर घेतलं. म्हणजे एकाच पाटीमागे दोन वेगळी मुळं असू शकतात.

उलटा प्रवास गोल्डाबाईंचा, म्हणजे पुढे इस्राएलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेईर यांचा. नवऱ्याचं आडनाव मेयरसन. १९५६मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर पंतप्रधान बेन गुरियनच्या आग्रहाने हिब्रू नाव घेतलं, ते मेईर. आणि ऑपेरावाला मायरबेअर तर मुळात नुसता बेअर. आईच्या वडिलांच्या नावातलं मायर त्याने पुढे जोडलं.

निवृत्त मास्तरीण:

पेणकरीणबाई, हे राहिलंच होतं माझं. वर्गात कधी सांगितलं नाही, ती चूक कबूल.

हानोफरची खोतीण:

पार्सल मिळालं! खालच्या काकांकडेच होतं. दार उघडत नव्हते कारण घंटा बिघडलेली. शेवटी कडी वाजवली.

तुमच्या जोरावर त्यांना विचारलं, तुमचे मायर कुठले? माणूस खुलला. मूळ गाव वेस्टफालियात. म्हणाले, खरं तर आम्ही रक्ताने मायर नाहीच. खापरपणजोबांचं जन्माचं आडनाव वेगळं होतं, ते मायरांच्या शेतावर लग्न करून गेले आणि शेताचं नाव लागलं. असं असतं का हो खरंच, की मला जर्मन कमी कळलं?

निवृत्त मास्तरीण:

बरोबर कळलं तुला. वेस्टफालियात नाव माणसाचं नसे, शेताचं असे. जो तिथे नांदायला येई त्याला ते लागे, मग तो पुरुष का असेना. जुन्या कागदांत 'अमुक, गेनान्ट मायर' असं लिहिलेलं सापडतं. गेनान्ट म्हणजे 'म्हटला जाणारा'. थोडक्यात घरजावई.

लिंबूसरबत:

पण पार्सलमध्ये होतं काय?

हानोफरची खोतीण:

फणसपोळीच. अर्धी काकांना दिली. ती चावून खायची की चोखून, हे विचारायला आता ते वर आलेत.