मे महिन्यातला स्लॅब आणि राखेचे सिमेंट: तड्यांचा दोष कोणाचा?

मूळ लेखन: स्थापत्य अभियंता, होटगी रोड

सोलापुरात मे महिन्यात स्लॅब टाकायचा म्हटले की बहुतेक ठेकेदार पीपीसी (राख मिसळलेले सिमेंट) नको, ओपीसी 53च (बिनराखेचे साधे सिमेंट; 53 हा ताकदीचा दर्जा) आणा, असा आग्रह धरतात. कारण विचारले तर राखेने ताकद कमी होते आणि तडे जातात, एवढेच उत्तर मिळते. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राची राख दाराशी असलेल्या शहरात हा समज टिकून राहावा, याचे नवल वाटते. माझ्या मते यात ताकद आणि तडे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे.

पीपीसीमध्ये भारतीय मानकानुसार 15 ते 35 टक्के राख असते. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयोग पावते आणि खडी-वाळूला बांधून ठेवणारा पदार्थ आणखी तयार होतो. म्हणून पीपीसीचा क्यूब (ताकद तपासण्याचा काँक्रीटचा ठोकळा) सातव्या दिवशी ओपीसीच्या मागे असतो, 28व्या दिवशी बरोबरीच्या जवळ येतो आणि पाणी मिळत राहिले तर 90 दिवसांनी अनेकदा पुढेही जातो. तड्यांचे म्हणाल, तर ओतल्यानंतर काही तासांतच उमटणाऱ्या भेगा ऊन-वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी उडाल्यामुळे पडतात. सिमेंटच्या अंतिम ताकदीशी त्यांचा संबंध नाही. पुढे महिनोन् महिने चालणारे आकुंचन मुख्यतः मिश्रणात एकूण किती पाणी घातले यावर ठरते, असे आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक सांगते. राखेचे कण गोल असल्याने पाणी कमी लागते, म्हणजे आकुंचन घटायलाच हवे.

प्रतिसाद: ठेकेदार, अक्कलकोट रोड

साहेब, ‘घटायला हवे’ आणि ‘घटते’ यांच्या मध्ये आमची साइट असते. पाणी कमी लागते हे मान्य, पण मिक्सरवरचा माणूस सवयीने डबा पूर्णच ओततो आणि क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त आली की वर आणखी अर्धा डबा घालतो. राखेचे काँक्रीट उशिरा सेट होते आणि वर पाणीही कमी सोडते, त्यामुळे पृष्ठभाग जितका वेळ कच्चा राहील तितका वेळ भेगांना संधी मिळते. आपण दोष उन्हाला देता, पण मे महिन्यात सोलापुरात ऊन असणारच. सेंट्रिंगचे (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे) भाडे दिवसावर चालते, मालक आठव्या दिवशी टेकू काढा म्हणून मागे लागतात. तेव्हा आपली 90 दिवसांची ताकद घेऊन मी काय करू?

उत्तर: मूळ लेखक

कच्च्या पृष्ठभागाचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या लेखनातून तो सुटला. टेकूंच्या बाबतीत मात्र आपण माझीच बाजू मांडलीत. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढण्याची मुदत ओपीसीसाठी आहे आणि इतर सिमेंटसाठी ती बदलावी, असे मानकातच म्हटले आहे. पीपीसीला ओपीसीची मुदत लावायची आणि मग त्यालाच नापास ठरवायचे, हा न्याय नव्हे. भर दुपारी ओतलेला 53चा स्लॅबही भेगाळतो, हे आपणही पाहिले असेल.

प्रतिसाद: निवृत्त उपअभियंता

राख म्हणजेच सिमेंटच्या जोडीला घालायची सगळी पूरक द्रव्ये, असे दोघांनीही धरलेले दिसते. सिलिका फ्यूम या दुसऱ्या, अतिबारीक पूरक भुकटीने ताकद लवकर आणि भरपूर येते, परंतु कमी पाण्याच्या मिश्रणात ते काँक्रीटचे आतल्या आत होणारे आकुंचन वाढवते. राख साधारणपणे तेच आकुंचन कमी करते.

माझी भीती निराळी आहे. सळईला गंजापासून जपणारा चुना राख खाते. भरपूर पाणी मारले तर काँक्रीटचा घट्टपणा ती उणीव भरून काढतो. न मारले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो. मानकानुसार ओपीसीला किमान 7 दिवस, मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस पाणी हवे आणि मिश्र सिमेंटची मुदत 14 दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात 14 दिवस स्लॅबवरचे पाण्याचे वाफे भरलेले ठेवायचे म्हणजे टँकर आला, आणि तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला मी क्वचितच पाहिला. शिवाय आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवर पीपीसीतच पुन्हा राख मिसळली, तर एकूण राख किती झाली हे विचारायची सोय राहत नाही.

प्रतिसाद: ठेकेदार, अक्कलकोट रोड

मालक टँकरचे पैसे देणार असतील आणि टेकू 14 दिवस राहू देणार असतील, तर पीपीसीला माझा नकार नाही. पहाटे चारला सुरू करून दहाच्या आत स्लॅब संपवू.

उत्तर: मूळ लेखक

पहाट नको. हे सिमेंट सावकाश सेट होत असल्याने पहाटे ओतलेला स्लॅब कच्चा असतानाच दुपारच्या उन्हात सापडेल. ऊन उतरल्यावर सुरू करावे, फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरावे आणि सकाळी वाफे बांधावेत.

प्रतिसाद: ठेकेदार, अक्कलकोट रोड

हे पटले. रात्रपाळीची मजुरी मात्र वेगळी लागेल, ती टँकरच्याच रकान्यात लिहून ठेवा.