नव्या संशोधकांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवायचं तर काय शिकवावं?

विभागातला_एक: आमच्या विद्यापीठात नवे सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांच्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलंय. आखणी माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या एका ट्रेनरनी अ‍ॅजाइल, स्क्रम (छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धती), रिस्क रजिस्टर (संभाव्य अडचणींची यादी) असा आराखडा पाठवलाय. माणूस जाणकार आहे, पण उदाहरणं सगळी अ‍ॅप बनवण्याची. आमच्याकडे वनस्पतीशास्त्रापासून इतिहासापर्यंत सगळे असतील. पहिलाच प्रकल्प मिळालेल्या माणसाला नेमकं काय यायला हवं?

सड्यावरची: ट्रेनरना बोलवाच, पण पहिला दिवस कॅलेंडरला द्या. मी सड्यांवरच्या, म्हणजे सपाट कातळी पठारांवरच्या, वनस्पतींवर काम करते. कासच्या पठारावर फुलोरा साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे तीन वर्षांच्या प्रकल्पात हंगाम मिळतात तीनच. मंजुरीपत्र मे महिन्यात आलं आणि जेआरएफची (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाची) जाहिरात, छाननी, मुलाखत, रुजू होणं यातच ऑक्टोबर उजाडला, की त्यातला एक गेला. मग पैसे खात्यात असून उपयोग नाही.

क्रिटिकल पाथ तो हाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीच्या कामातून ही पद्धत पुढे आली. तिचा प्रश्न साधा आहे: कोणतं काम एक दिवस रखडलं की सगळा प्रकल्प एक दिवस रखडतो? आमच्याकडे ते काम बहुतेकदा प्रयोगशाळेतलं नसतं, वनखात्याच्या परवानगीचं असतं. म्हणून प्रस्ताव पाठवतानाच मी परवानगीच्या अर्जाचा मसुदा करून ठेवते.

प्रत्येकाला स्वतःचा प्रस्ताव घेऊन यायला सांगा. ३६ महिन्यांचे ३६ रकाने आखायचे, न हलणाऱ्या तारखा आधी रंगवायच्या आणि तिथून उलटं मोजत यायचं. अशा गँट चार्टसाठी, म्हणजे कामं आणि महिन्यांच्या तक्त्यासाठी, एक्सेल पुरे.

आणि कामं फोडायला शिकवा, अगदी बारीक. ‘नमुने गोळा करणे’ ही प्रस्तावात एक ओळ असते. प्रत्यक्षात पावसाळ्यात दाबून ठेवलेल्या नमुन्यांचे टीपकागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. सगळे सड्यावर गेले तर मागे कागद कोण बदलणार? एक माणूस जास्त लागतो, हे तिथे कळतं. बजेट मंजूर झाल्यावर कळून काय करायचं?

हिशेबवाला: दुसऱ्या दिवशी दोन तास लेखा विभागाला द्या, कळकळीची विनंती. पैसा हेडनिहाय, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या शीर्षांनुसार, येतो. मनुष्यबळाच्या हेडमधले पैसे परस्पर रसायनांना वापरता येत नाहीत, आधी मान्यता लागते. केंद्राच्या अनुदानाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कसे वापरले याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं आणि वर्ष ३१ मार्चला संपतं. नुसती ऑर्डर दिली म्हणजे खर्च झाला असं नाही. जेमवरची (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची) खरेदी, साठा नोंदवही, हे सगळं सरावासाठी एका काल्पनिक प्रकल्पावर करून घ्या. आणि सगळ्यांना सांगा, जानेवारीतच शिल्लक बघायला या. तेव्हा काहीतरी करता येतं, मार्चअखेर आम्हीही हतबल असतो.

पाचवं_वर्ष: विद्यार्थ्यांच्या बाजूने एक. गाइडबरोबर मीटिंग झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हे मुद्दाम करून घ्या. पेपरमध्ये कुणाचं नाव कुठे, हेही सुरुवातीलाच बोलायला शिकवा. प्रकल्पात चार जण असतील तर हे टाळून चालत नाही.

विभागातला_एक: मनापासून आभार. पहिला दिवस असाच करतो, लेखा विभागालाही आजच विचारतो. पण इतिहासवाल्यांना हंगाम नसतो, त्यांनी ३६ रकान्यांत आधी काय रंगवायचं?

सड्यावरची: मोडी वाचणारा माणूस. माझी मैत्रीण पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तरावर काम करते. रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) हातात आले तरी भराभर मोडी वाचणारा सहायक मिळेपर्यंत काम पुढे सरकत नाही. ती आधी त्याच्या उपलब्ध तारखा भरते, मग बाकीचं. तुमच्या इतिहासवाल्यांना विचारा, तुमचं काम कोणावाचून अडतं. तो रकाना पहिला.