जुना कॉम्प्युटर आणि लिहिण्याचं सॉफ्टवेअर: तुमचे अनुभव सांगा

ओसरी

आईकडे घरचा जुना कॉम्प्युटर आहे. विंडोज ७, २ जीबी रॅम, आणि मागच्या बाजूचा पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीतूनही तो चालू आहे हे कळतं. आई त्यावर आठवणी लिहिते आहे. १४० पानं झालीत, एकच फाईल, तिच्या मते अजून अर्धंही झालेलं नाही. इतकी वर्षं ती जुन्या वर्डवर लिहायची. हार्ड डिस्क कोरी करून विंडोज नव्याने टाकताना तो वर्ड गेला आणि त्याची सीडी आता कुठे आहे ते देवच जाणे.

नवा कॉम्प्युटर घेऊया म्हटलं तर "हा चालतोय ना?" इथे विषय संपतो. तेव्हा याच यंत्रावर काय टाकू? तिला मराठीत टाईप करायचं आहे, पानांना क्रमांक हवेत, अधूनमधून एखादी तळटीप लागते, आणि मेन्यू जिथल्या तिथे हवेत. मला "अमुक उत्तम" अशा याद्या नकोत, त्या हव्या तितक्या मिळतात. तुमच्या घरच्या जुन्या खोक्यावर तुम्ही काय वापरलंत, काय चाललं, कुठे पस्तावलात, ते लिहा.

घासलेला कळफलक

आधी माझी फजिती. लॅपटॉपवर एक ओळ टाईप केली की अक्षरं मागून, वरातीमागून घोडं यावं तशी यायची. दोष लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचाच असणार असं ठरवून महिन्याभरात तीन सॉफ्टवेअरं बदलली. तिन्ही तितकीच मंद. मग एकदा टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम यंत्रावर किती भार टाकतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून नुसता बघत बसलो. काहीही उघडलेलं नसताना डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि फिरत्या तबकडीची डिस्क त्या ने-आणीतच दमून जाते. त्यात मी हौसेने घातलेले दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत होते.

एक अँटिव्हायरस काढला, सुरू होतानाच उघडणारे सात-आठ प्रोग्राम बंद केले, डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवली. त्यानंतर तिन्हीपैकी कुठलंही सॉफ्टवेअर चाललं असतं. तेव्हा ओसरी, आधी टास्क मॅनेजर बघा. २ जीबीचे ४ करता आले तर तेही करा. सॉफ्टवेअरची निवड त्यानंतर.

टिंब

वर्डपॅड. झालं काम.

उभा दंड

टिंब, पत्र लिहायचं असेल तर मान्य. पण वर्डपॅडमध्ये तळटीप नाही, शीर्षकांवरून अनुक्रमणिका करता येत नाही. १४० पानांत एखादं प्रकरण शोधायला आईंनी काय सरकपट्टी ओढत बसायचं? शिवाय विंडोज ९५ पासून चालत आलेलं हे वर्डपॅड विंडोज ११च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून काढून टाकलं आहे. उद्या यंत्र बदललं की पुन्हा शोधाशोध.

रफवही

मी फक्त काय करू नये ते सांगते. यंत्र जुनं म्हणून सगळ्यात हलकं ते वापरावं, असं म्हणून मी नोटपॅडमध्ये रोजनिशी लिहायला लागले. उघडायला क्षणही लागत नाही, पडद्यावर लिहिण्याशिवाय दुसरं काही नाही, मी खूश. सेव्ह करताना एक चौकट यायची. तिच्यात इंग्रजीत चार ओळी आणि खाली ओके. चौकटी वाचायच्या नसतात, ओके करायच्या असतात अशी माझी तोवरची समजूत. केलं ओके. असं पहिल्या दिवसापासून तीन महिने. कॉम्प्युटर कधी बंद करतच नव्हते, नुसता झोपवायचे, त्यामुळे खिडकी उघडीच राहायची आणि मजकूर डोळ्यांसमोर शाबूत दिसायचा.

मग एकदा वीज गेली. पुन्हा फाईल उघडली तर पानभर प्रश्नचिन्हं. पूर्णविराम, स्वल्पविराम, ओळींमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या जागच्या जागी. जिथे "आई" लिहिलं होतं तिथे दोन प्रश्नचिन्हं, "स्त्री" लिहिलं होतं तिथे सहा. दिसायला "स्त्री" एकच जोडाक्षर, पण आत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकड्यामागे एक प्रश्नचिन्ह पडलं होतं. प्रश्नचिन्हं मोजून शब्द ओळखायचा प्रयत्न मी चक्क दोन संध्याकाळी केला, हे आज सांगायलाही लाज वाटते.

जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं फाईलमध्ये कुठल्या संकेतांत साठवायची त्याचा, एक रकाना असतो. तिथे आधीपासून एएनएसआय ही जुनी पद्धत असते आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. यूटीएफ-८ निवडलं की प्रश्न मिटतो. विंडोज १०च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून ते आपोआपच निवडलेलं असतं, पण विंडोज ७ वाल्यांनी बघून घ्यावं. आणि चौकट वाचावी.

पाचवी सोय

रफवही, सहा प्रश्नचिन्हांचं वाचून हसू की रडू कळेना. मीही ती चौकट न वाचणाऱ्यांपैकीच.

उभा दंड

आता माझं. मी भाषांतराची कामं करतो, म्हणजे माझी फाईल माझ्यापाशी राहतच नाही. म्हणून मी आधी विचारतो, की ही पुढे कोण आणि कशात उघडणार आहे? मला लिहायला काय आवडतं हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

एकदा एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये तक्त्यांनी भरलेला मजकूर केला, वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह केला आणि पाठवला. समोरच्याच्या वर्डमध्ये तक्ते पानाबाहेर डोकावत होते. त्याला वाटलं मी घाईत काम उरकलं. तेव्हापासून नियम केला: कच्चं काम मूळ सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात, म्हणजे माझ्याकडे ओडीटीमध्ये. समोरच्याला बदल करायचे असतील तरच डॉकएक्स. नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ, त्यात काही सरकत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या फाईलींची. वडिलांनी १५-२० वर्षांपूर्वी टाईप केलेली पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सर्वमान्य संकेतांत, नाहीत. तेव्हाच्या मराठी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट यंत्रात असेल तोवर मराठी, नसेल तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. विंडोज नव्याने टाकलं की असे फॉन्ट हमखास जातात आणि लोकांना वाटतं फाईल बिघडली. बिघडलेली नसते. फॉन्ट परत टाका, किंवा त्या फॉन्टाचं युनिकोड करणारा रूपांतरक शोधा. र्‍ह, ऱ्या, रफार असले प्रकार मात्र नंतर हाताने तपासावेच लागतात.

ओसरी, आईंची फाईल आधी उघडून बघा. ती युनिकोडमध्ये आहे ना?

ओसरी

बघितली. युनिकोडच आहे, .डॉक फाईल. सुटलो! आता वर्डऐवजी वापरायच्या दोन फुकट सॉफ्टवेअरांच्या नावांत घोळ होतोय: ओपनऑफिस की लिब्रेऑफिस? दोन्ही सारखीच दिसतात.

घासलेला कळफलक

भावकी आहे ती. मूळ घर ओपनऑफिसचं. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतली, त्याच वर्षी बरेचसे काम करणारे वेगळे झाले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. ओपनऑफिस पुढे अपाचे या संस्थेकडे गेलं. तिथे अजून २०१४ मध्ये सुरू झालेली ४.१ ची मालिकाच चालू आहे, अधूनमधून दुरुस्त्या येतात इतकंच. डॉकएक्स उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करत नाही. लिब्रे घ्या.

एक मात्र बघा: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २५.८ पासून लिब्रेऑफिस विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही. त्याआधीची २५.२ उतरवा, आणि तुमचं विंडोज ३२ बिटचं असेल तर ३२ बिटवालीच.

शिरोरेघ

मी बाबांसाठी लिब्रेऑफिसच टाकलं होतं. पहिल्याच दिवशी बाबांनी फोन केला, "अक्षर मोठं होत नाहीये."

झालं होतं असं. त्यांना बारीक दिसतं म्हणून मी नेहमीच्या मजकुराची शैली उघडून आकार १२ चा १८ केला होता. इंग्रजी अक्षरं टपोरी झाली, मराठी तेवढीच बारीक. मी पुन्हा केलं, बंद करून उघडलं, फॉन्ट बदलून पाहिला. इंग्रजीचा फॉन्ट बदलायचा, मराठी ढिम्म. सॉफ्टवेअरलाच मराठी येत नाही असा निकाल देऊन मी मोकळी झाले होते.

मग त्याच चौकटीत खाली नजर गेली. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या लिहिण्याच्या भागात, इंग्रजीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरी, अरबी वगैरे लिप्यांचा वेगळा. दुसऱ्या गटाला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात, थोडक्यात सीटीएल. मी वरच्या खणात आकार बदलत होते, मराठीचा खण खाली होता. तिथे १८ केलं आणि बाबांचा आवाजच बदलला.

ओसरी, तुम्हाला हे लागणारच, म्हणून क्रम देते. टूल्समधून ऑप्शन्स. भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटसमोर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या भागात "बेसिक फॉन्ट्स" हे पान दोनदा दिसेल, त्यातलं सीटीएल लिहिलेलं उघडा आणि तिथेच फॉन्ट आणि आकार एकदाचा ठरवून टाका. शीर्षकांचे आकारही तिथेच मिळतात. आईंना रोज काही करावं लागणार नाही.

पाचवी सोय

हे मला चार वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं!! मी प्रत्येक वेळी सगळं निवडून आकार वाढवायचे.

चोरकप्पा

मी ब्राउझरमधल्या गूगल डॉक्सवर लिहितो. सेव्ह करायचं लक्षात ठेवावं लागत नाही, यंत्र उद्या कायमचं बंद पडलं तरी मजकूर शाबूत, आणि बहीण तिच्या घरून माझ्या चुका काढू शकते. पण ओसरींच्या यंत्रावर मी हे सुचवणार नाही. २ जीबीत ब्राउझर एकटाच निम्मं घर अडवून बसतो, आणि १४० पानांची फाईल त्यात उघडली की कर्सर विचार करून हलतो. शिवाय क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, तीही २०२३ ची. विंडोज ७ ला सुरक्षेच्या फुकट दुरुस्त्या मिळणं जानेवारी २०२० मध्येच थांबलं. असलं यंत्र नेटपासून जितकं लांब तितकं बरं. लिहायला नेट लागतच नाही, हा तर जुन्या यंत्राचा गुण आहे.

डॉसवाला

आमच्या वेळी वर्डस्टार, डॉसवरचं लिहिण्याचं सॉफ्टवेअर. माउस नाही, काही नाही. कंट्रोल दाबून ई, एस, डी, एक्स: वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. माझी बोटं आजही सेव्ह करायला कंट्रोल-के-डी दाबायला जातात आणि भलतंच काहीतरी होतं. ६४ बिटच्या विंडोजवर ते चालत नाही म्हणून जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून ठेवलंय. उपयोग शून्य. अधूनमधून उघडतो.

कोरा कागद

लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट प्रणालीचा, विषय निघाला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. माझ्या १ जीबीच्या यंत्रावर लुबुंटू या हलक्या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीत अबीवर्ड हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर होतं, कळ दाबली की हजर. मराठी नीट दिसायची. अबीवर्डच्या नव्या आवृत्त्या आता विंडोजसाठी निघत नाहीत, त्यामुळे ते हवं तर लिनक्सच लागेल. पण खरं सांगतो, ज्यांना मेन्यूची जागा बदललेली चालत नाही त्यांच्या हातात नवी प्रणाली देऊ नका. मी सासऱ्यांना दिली. ते अजून बोलतात माझ्याशी, पण कॉम्प्युटरविषयी नाही.

शिरोरेघ

आणखी एक राहिलं. जुन्या ग्राफिक्सवर नवं लिब्रेऑफिस कधीकधी पडद्यावर काळे पट्टे दाखवतं. ऑप्शन्समध्ये व्ह्यूच्या पानावर स्किया नावाची खूण आहे, ती काढली की जातात. आणि अॅडव्हान्स्डमधलं जावा बंद करा. नुसतं लिहायला ते लागत नाही, उघडायचा वेळ थोडा वाचतो.

ओसरी

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते.

टास्क मॅनेजर उघडला. तिथे एक प्रिंटरवाला प्रोग्राम सापडला, तो प्रिंटर घरातून जाऊन सहा वर्षं झाली. काढला. रॅम ४ जीबी केली. लिब्रेऑफिस २५.२ टाकलं, सीटीएलमध्ये आकार १६. आईची फाईल उघडून ओडीटी केली, मूळ .डॉक तशीच जपून ठेवली. प्रकरणांना शीर्षकाची शैली दिली, आता एफ५ दाबलं की बाजूला सगळी प्रकरणं दिसतात, हव्या त्या नावावर दोनदा क्लिक केलं की तिथे. हे तिला इतकं आवडलं की पहिल्या दिवशी तिने काही लिहिलंच नाही, नुसती इकडून तिकडे फिरत होती. पेनड्राइव्हवर दर रविवारी प्रत काढते, नावात तारीख घालून.

शब्द आपोआप पूर्ण करून देण्याची सोयही मी हौसेने चालू करून दिली होती, टाईप करायचे कष्ट वाचावेत म्हणून. तिसऱ्या दिवशी फोन. ती "आजोळ"विषयी लिहायला बसली होती. "आजो" टाईप केलं की पुढे "आजोबांनी" उमटायचं, कारण तो शब्द आधीच्या पानांत शंभरदा आला होता. "मी आजोळी जातेय आणि हा मला आजोबांकडे ओढतोय," म्हणाली, "आधी हे बंद कर."

बंद केलं. १४३ पानं झाली आहेत.